कामावरील अपघाताची भरपाई नाकारली गेल्यास दावा कसा लढवावा

कामावर असताना झालेल्या दुखापतीची भरपाई देण्यास मालकाने किंवा विमा कंपनीने नकार दिला की आता काही मिळणार नाही, असे बहुतेक कामगार आणि त्यांचे कुटुंबीय धरून चालतात. तो नकार हे वादातल्या एका पक्षाचे म्हणणे असते आणि त्यावर निर्णय देण्याचा अधिकार कायद्याने दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे ठेवलेला आहे. दावे हातचे जातात ते बहुधा पुढच्या काही महिन्यांत: कागद गहाळ होतात, सोबतचे कामगार दुसरीकडे जातात, जखम बरी होते आणि थोडे पैसे देऊन सही घेतली जाते. नकार मिळालेल्या दिवसापासून काय करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

कोणता कायदा आणि कोणता दरवाजा

आपला दावा कोणत्या कायद्याखाली येतो, हे सर्वांत आधी निश्चित करावे, कारण चुकीच्या ठिकाणी अर्ज केल्याने वर्षे वाया जाऊ शकतात. पगाराच्या पावतीवर राज्य कर्मचारी विम्याची, म्हणजे ईएसआयची कपात दिसत असेल किंवा आस्थापना त्या योजनेत येत असून पगार दरमहा 21,000 रुपयांच्या मर्यादेत असेल, तर भरपाई मालकाकडे मागता येत नाही. ती या विम्याच्या महामंडळाकडून मिळते. तात्पुरत्या अपंगत्वात तिथे वेतनाच्या सुमारे 90 टक्के दराने लाभ मिळतो. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत नाही, कारण महामंडळ तो देऊन मालकाकडून वसूल करू शकते. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व कमी ठरवले, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयाकडे जाता येते.

ईएसआयच्या कक्षेबाहेरच्या कामगारासाठी कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 हा आधार राहिला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. अपघात त्या तारखेपूर्वीचा असेल तर जुन्या अधिनियमाप्रमाणे हक्क ठरतो. त्यानंतरच्या अपघातासाठी संहिता पाहावी लागते. तिचा सांगाडा बव्हंशी तोच असून जुन्या कायद्यातील आयुक्ताच्या, म्हणजे भरपाईच्या दाव्यावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, जागी ‘सक्षम प्राधिकारी’ असा शब्द येतो. पुढे सोयीसाठी आयुक्त हाच शब्द वापरला आहे, आणि आकडे व व्याजदर 1923 च्या अधिनियमाचे आहेत. अपघात रस्त्यावर वाहनामुळे झाला असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आणि आयुक्त यांपैकी एकच मार्ग निवडता येतो. ही निवड वकिलाशी बोलून, दोन्हीकडची संभाव्य रक्कम मांडून मगच करावी.

नकार कागदावर आणावा

‘साहेब नाही म्हणाले’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही. अपघाताची तारीख, वेळ, जागा, चालू असलेले काम, दुखापत, उपचार आणि मागितलेली भरपाई लिहून मालकाला नोंदणीकृत टपालाने पोचपावतीसह नोटीस पाठवावी आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर मागावे. विमा पॉलिसी असल्याचे माहीत असेल तर तीच नोटीस विमा कंपनीलाही द्यावी. या नोटिशीचा दुसराही उपयोग आहे. आपसात न मिटलेला वाद उभा राहिल्याशिवाय जखमी कामगाराचा अर्ज आयुक्तांकडे करता येत नाही, आणि असा वाद उभा राहिल्याचा पुरावा ही नोटीस व तिचे उत्तर देतात. मृत कामगाराच्या अवलंबितांना मात्र ही अट लागू नाही.

मालकाने उत्तरच दिले नाही, तर नोटिशीची प्रत आणि पोचपावतीही पुढे कामी येते. उत्तर आले, तर त्यातील प्रत्येक वाक्य वेगळे करून त्यासमोर आपला पुरावा कोणता, हे लिहून काढावे. माझ्या मते संपूर्ण दाव्यातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे, कारण पुढची सुनावणी याच मुद्द्यांभोवती फिरते.

मालकाला नोटीस देण्यास उशीर झाला, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. अपघाताची माहिती त्याला अन्य मार्गाने मिळाली असेल, उदाहरणार्थ त्याच्याच गाडीतून जखमीला दवाखान्यात नेले असेल, तर नोटिशीतील त्रुटी आड येत नाही. अर्जाची मुदत मात्र अपघातापासून, आणि मृत्यू झाल्यास मृत्यूच्या तारखेपासून, दोन वर्षांची आहे. सबळ कारण दाखवल्यास आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्या भरवशावर थांबू नये.

नकाराची कारणे आणि त्यांची उत्तरे

‘हा आमचा माणूसच नाही’ हे सर्वाधिक ऐकू येणारे कारण आहे, आणि कंत्राटी कामात तर ते ठरलेलेच असते. नेमणूकपत्र नसले तरी नोकरी सिद्ध होते. गेटपास, ओळखपत्र, हजेरीच्या कागदाचा फोटो, बँकेच्या पासबुकातील जमा, भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकातील आस्थापनेचे नाव, शिफ्ट कळवणारे व्हॉट्सॲप संदेश आणि सोबत काम करणाऱ्या दोन व्यक्तींची साक्ष यांतून चित्र पूर्ण होते. 2000 सालच्या दुरुस्तीनंतर काम रोजंदारीचे किंवा तात्पुरते आहे, या सबबीलाही अर्थ उरलेला नाही. कामगार कंत्राटदाराचा असेल आणि काम मुख्य मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असेल, तर मुख्य मालकही भरपाईस जबाबदार ठरतो. पुढे तो कंत्राटदाराकडून वसुली करू शकतो, पण ते त्यांच्यातले प्रकरण आहे. म्हणून अर्जात कंत्राटदार, मुख्य मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करावे.

‘अपघात कामामुळे झालेला नाही’ हे दुसरे कारण, आणि इथे दवाखान्याचे कागद निर्णायक ठरतात. दुखापत नोकरीच्या ओघात आणि नोकरीतून उद्भवलेली असावी, ही कायद्याची मूळ अट आहे. जखमीला दाखल करताना सोबत बहुधा सुपरवायझर असतो, फॉर्म तोच भरतो, आणि केसपेपरवर दुखापतीच्या पूर्वेतिहासाच्या रकान्यात ‘घरी पाय घसरून पडले’ असे एक वाक्य लिहिले जाते. उलटतपासणीत मालकाचा वकील पहिला बोट ठेवतो तो त्या वाक्यावर. म्हणून शुद्धीवर आल्यावर कामगाराने किंवा नातेवाइकाने तो रकाना स्वतः वाचून घ्यावा. नोंद चुकीची असेल तर वैद्यकीय अधीक्षकांना त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आधीची नोंद कोणी खोडणार नाही, पण आक्षेप लगेच घेतला गेला, हे कागदावर येते. पहिली मलमपट्टी कारखान्याच्या प्रथमोपचार केंद्रात किंवा जवळच्या छोट्या दवाखान्यात झाली असेल, तर तिथल्या नोंदवहीची प्रत मिळवावी. ती पहिली आणि म्हणून अधिक विश्वासार्ह ठरते.

कारखान्यातील अपघातामुळे कामगार 48 तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखाने अधिनियमाप्रमाणे अधिकाऱ्यांना सूचना देणे मालकावर बंधनकारक होते. महाराष्ट्रात ही सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. माहितीच्या अधिकाराखाली तिची आणि निरीक्षकाच्या अहवालाची प्रत मागावी. पोलिसांचा पंचनामा आणि रुग्णालयाने पोलिसांना दिलेली वैद्यकीय-कायदेशीर खबर यांच्याही प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात.

अपघात कामावर जाता-येता झाला असेल, तर पूर्वी दावा अवघड समजला जाई. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला 3,26,140 रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो आदेश रद्द केला, आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. प्रवासाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जोडता आला, तर असा अपघातही नोकरीच्या ओघातील मानता येतो, हे त्या निकालाचे सार आहे. अशा दाव्यात पाळीचा तक्ता आणि नेहमीच्या रस्त्याचा नकाशा जोडणे फार उपयोगी पडते.

‘चूक त्याचीच होती’ या कारणाला कामगार सर्वांत जास्त घाबरतात, आणि कायद्यात त्याला सर्वांत कमी आधार आहे. साधा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होऊच शकत नाही. बचाव तीनच आहेत: दुखापत थेट दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलामुळे झाली, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश किंवा केलेला नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले. त्यातही दुखापतीने मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर हे तिन्ही बचाव चालत नाहीत. केसपेपरवर ‘दारूचा वास’ एवढेच लिहिलेले असेल, तर रक्ततपासणीचा अहवाल कुठे आहे आणि त्या अमलाचा अपघाताशी थेट संबंध कसा लागतो, हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर आहे. यंत्राचे संरक्षक कवच काढलेले होते असा आरोप असेल, तर उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी ते कोणाच्या सांगण्यावरून काढले जात होते, हे सहकाऱ्यांच्या साक्षीतून पुढे आणावे.

हृदयविकाराच्या झटक्याने कामावर मृत्यू झाल्यास ‘नैसर्गिक आजार’ असे उत्तर येते. तिथे कामाचा ताण आणि झटका यांचा दुवा दाखवावा लागतो: सलग पाळ्या, जादा तास, भट्टीजवळचे काम, उचललेले ओझे, त्या दिवशीची तक्रार. नुसता ‘कामावर असताना वारला’ हा मुद्दा पुरत नाही, म्हणून हजेरी आणि ओव्हरटाइमच्या नोंदी हजर करण्याचा आदेश आयुक्तांकडे मागावा.

‘पैसे देऊन मिटवले आहे’ असे म्हणून स्टॅम्पपेपर दाखवला जातो, तेव्हाही घाबरू नये. कायद्याने मिळालेला हक्क सोडून देणारा करार निरर्थक असतो, आणि एकरकमी तडजोडीची आयुक्तांकडे नोंदणी व्हावी लागते. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. कुटुंबाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. त्याचा अपवाद एकच: तीन महिन्यांच्या वेतनाएवढी आगाऊ रक्कम. कोऱ्या कागदावर सही घेतली असेल, तर ती कधी, कुठे, कोणासमोर घेतली, हे अर्जातच लिहावे.

अपंगत्वाची टक्केवारी

मालक अपघात मान्य करतो, पण ‘पाच टक्केच अपंगत्व आहे’ म्हणतो, अशी प्रकरणे बरीच असतात आणि खरे पैसे याच मुद्द्यावर कमी होतात. शरीराचे अपंगत्व आणि कमावण्याच्या क्षमतेतील घट हे दोन वेगळे हिशेब आहेत. सरकारी रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र पहिला हिशेब सांगते. भरपाई दुसऱ्यावर ठरते. काही दुखापतींसाठी अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घट ठरवून दिली आहे: अंगठा गेल्यास 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेल्यास 40 टक्के. अनुसूचीत नसलेल्या दुखापतीत अर्हताप्राप्त डॉक्टरने त्या कामगाराच्या कामाचा विचार करून घट ठरवावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकातच, डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराच्या प्रकरणात, एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून ते संपूर्ण अपंगत्व मानले. त्याच निकालात भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असेही ठरले. म्हणून डॉक्टरकडे जाताना आपले काम नेमके काय होते, हे एका पानावर लिहून न्यावे: किती वजन उचलायचे, किती तास उभे राहायचे, शिडीवर चढावे लागे का, पकड किती घट्ट लागे. प्रमाणपत्रात ‘पूर्वीचे हे काम करता येणार नाही’ असे स्पष्ट वाक्य असावे. प्रमाणपत्र नुसते जोडून भागत नाही; प्रतिपक्षाने हरकत घेतली तर त्या डॉक्टरला साक्षीला यावे लागते, त्यामुळे ज्यांची येण्याची तयारी आहे अशाच डॉक्टरांकडून मूल्यमापन करून घ्यावे.

मालकाने आपल्या खर्चाने वैद्यकीय तपासणी करून देऊ केली, तर तिला नकार देऊ नये. विनाकारण नकार दिल्यास तेवढ्या काळापुरता हक्क स्थगित होतो. तपासणीला जावे, अहवालाची प्रत मागावी आणि तो पटला नाही तर आपल्या डॉक्टरचे मत समोर ठेवावे.

रक्कम स्वतः काढून पाहावी

जानेवारी 2020 पासून हिशेबासाठी मासिक वेतनाची कमाल मर्यादा 15,000 रुपये आहे. संहितेखालील प्रकरणात त्या वेळी लागू असलेली अधिसूचना पाहावी. समजा तीस वर्षांच्या कामगाराचे वेतन 18,000 रुपये होते आणि अंगठा गेला. धरायचे वेतन 15,000. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. तीस वर्षे वयासाठी अधिनियमात ठरवून दिलेला गुणक 207.98, गुणाकार 18,71,820 रुपये. ही संपूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. तिचे 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये, हा दाव्याचा पाया. मृत्यूच्या प्रकरणात 60 ऐवजी 50 टक्के धरतात. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या 25 टक्के रक्कम दर अर्ध्या महिन्याला, जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च यांहून वेगळा मागता येतो, म्हणून औषधाची लहानशी पावतीही टाकू नये.

भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर 12 टक्के सरळ व्याज लागते. वरच्या उदाहरणात ते वर्षाला सुमारे 67,386 रुपये होते. उशिराला समर्थनीय कारण नसेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो, आणि तो विमा कंपनीवर न पडता मालकाच्या खिशातून जातो. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही स्पष्ट शब्दांत मागावेत. तसेच मालक काही अंशी जबाबदारी मान्य करत असेल, तर तेवढी रक्कम त्याने तात्पुरती म्हणून लगेच भरायची असते. वाद चालू असतानाच ती मागावी. घरखर्च थांबलेल्या कुटुंबाला टिकून राहण्याचे बळ त्यातून मिळते.

अर्ज आणि सुनावणी

अर्ज तीनपैकी कोणत्याही ठिकाणी करता येतो: अपघात झाला ते क्षेत्र, कामगार किंवा अवलंबित राहतात ते क्षेत्र, किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय आहे ते क्षेत्र. दूरच्या शहरात कामाला गेलेल्या माणसाच्या विधवेला गावाजवळच्या आयुक्तांकडे दाद मागता येते, ही सवलत अनेकांना कोणी सांगतच नाही. कार्यालय कुठे आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या कामगार न्यायालयात करावी. अर्जदाराला लिहिता येत नसेल, तर त्याच्या इच्छेप्रमाणे आयुक्तांच्या देखरेखीखाली अर्ज तयार करून घेण्याची तरतूद आहे. वकिलाशिवाय नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

मालकाची कैफियत, म्हणजे अर्जाला लेखी उत्तर, आल्यावर वादाचे मुद्दे काढले जातात. आपल्याला नोकरी, अपघात, त्याचा कामाशी संबंध, वय, वेतन आणि कमाईतील घट हे सिद्ध करायचे असते. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला चालतो. एका वर्षाच्या फरकानेही गुणक बदलतो. हजेरीपट, वेतनपत्रक आणि विमा पॉलिसी मालकाच्या ताब्यात असतात, म्हणून ती हजर करण्याचा अर्ज पहिल्याच तारखांना द्यावा. आदेशानंतरही ती आली नाहीत, तर मालकाविरुद्ध अनुमान काढण्याची विनंती करता येते. साक्षीत माहीत आहे तेवढेच सांगावे, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावे. अधिनियमात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, पण प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. तरीही एकही तारीख चुकवू नये, कारण गैरहजेरीत अर्ज निकाली निघाला की तो पुन्हा उभा करण्यातच महिने जातात.

निकालानंतर

अर्ज फेटाळला गेला किंवा रक्कम फार कमी मिळाली, तर 60 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते. तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. वस्तुस्थितीवर शेवटचा शब्द साधारणपणे आयुक्तांचाच असतो. त्यामुळे जो पुरावा द्यायचा तो खालीच द्यावा. निकालात पुरावा विचारातच घेतला नाही, अनुसूचीची टक्केवारी चुकीची लावली किंवा व्याज अपघाताऐवजी निकालाच्या तारखेपासून धरले, असे मुद्दे मात्र अपिलात उभे राहू शकतात. मालकाला अपील करायचे असेल, तर ठरलेली रक्कम आयुक्तांकडे जमा केल्याचे प्रमाणपत्र त्याला आधी जोडावे लागते.

निकाल आपल्या बाजूने लागूनही मालक पैसे भरत नसेल, तर आयुक्तांकडे वसुलीचा अर्ज करावा. ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते, म्हणजे वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन तहसील कार्यालयामार्फत मालकाच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. या अर्जात मालकाच्या जमिनीचा गट क्रमांक, यंत्रसामग्रीची जागा आणि बँकेचे नाव जितके माहीत असेल तितके द्यावे, आणि दाखला निघाल्यावर तहसील कार्यालयात त्याचा जावक क्रमांक घेऊन दर महिन्याला लेखी पाठपुरावा करावा.